शेंगेन व्हिसा

युरोपातील 29 देशांत अल्पकाळ राहण्यासाठी मिळणारा सामाईक प्रवेश-परवाना. लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावी 14 जून 1985 रोजी पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी हटवण्याचा करार केला; प्रत्यक्ष अंमल 1995 मध्ये सुरू झाला. स्वित्झर्लंड व नॉर्वे युरोपीय संघात नसूनही या क्षेत्रात आहेत, आयर्लंड संघात असूनही नाही.

अर्ज सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर आधी जिथे प्रवेश करणार त्या देशाकडे. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो.

खरी गफलत होते ती दिवसांच्या हिशेबात. पासपोर्टवरच्या स्टिकरवर मुदतीच्या दोन तारखा असतात आणि मुक्कामाच्या दिवसांचा आकडा वेगळा असतो. मुदत दोन महिन्यांची दिसली तरी आकडा 12 असेल, तर बाराव्या दिवशी निघावेच लागते. येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरतात. वरची मर्यादा 180 दिवसांत 90 दिवसांची. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे 180 दिवस मोजले जातात, त्यामुळे मध्ये लंडनला जाऊन आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येताच येत नाही. व्हिसा असूनही सीमेवरचा अधिकारी प्रवेश नाकारू शकतो.

एप्रिल 2024 पासून, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानुसार वापरलेल्या भारतातील रहिवासी भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. मुलांकडे वरचेवर जाणाऱ्या आईवडिलांना हा मोठाच दिलासा आहे.