कायदा आणि शिक्षिका

ज्या खेळाचे मैदान आपल्यापैकी बहुतेकांनी फार तर कुंपणाबाहेरून पाहिले असेल, त्या खेळातील एका शिक्षिकेची हकिकत सांगावयास आम्ही आज उभे आहोत, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. इतिहासाचा विषय म्हटला की लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांची अपेक्षा असते. परंतु समाजाच्या रीतिभातींतले पालट पुष्कळदा शाळेच्या आवारात, कचेरीतल्या टेबलाशी किंवा खेळाच्या हिरवळीवर घडतात. ते घडत असताना त्यांचा गाजावाजा होत नाही, म्हणून त्यांची नोंद घेण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकाकडे अधिकच येते. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठात डेल मॅक्नामारा या बाईंनी १९७४ पासून २००० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, विद्यार्थिनींना गोल्फ शिकविले. त्यांच्या कारकीर्दीच्या आधाराने कायदा आणि माणूस यांच्या संबंधाविषयी एक विचार आम्हाला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख. लहानसा टणक चेंडू काठीने टोलवीत अठरा खळग्यांत क्रमाक्रमाने घालावयाचा आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला, इतके गोल्फचे सूत्र सोपे आहे. येथे प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत नाही. एक फेरी पुरी व्हावयास चारपाच तास लागतात आणि तेवढा वेळ खेळाडूला स्वतःच्या मनाशीच झुंजावे लागते. महाविद्यालयांच्या सामन्यांत पाच जणींचा संघ उतरतो. दर फेरीला पाचांपैकी उत्तम चार आकडे धरतात आणि पाचवा सोडून देतात. आज जिचा आकडा सोडून दिला, तिच्याच आकड्यावर उद्या संघ तरतो. तेव्हा एक तेजस्वी मुलगी हाती लागली म्हणून शिक्षिकेचे काम भागत नाही. पाचवीलाही पहिलीइतक्याच आस्थेने तयार करावे लागते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेत तिचा उपयोग आहे.

अमेरिकेसारख्या देशात मुलींना खेळावयास आडकाठी कसली, असे कोणी विचारील. आडकाठी होती, आणि ती घालणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. ओहायो राज्य विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका ग्लॅडिस पामर यांनी १९४१ साली विद्यार्थिनींसाठी राष्ट्रीय सामन्यांची एक संघटना काढावी, अशी सूचना केली. तिला त्यांच्याच व्यवसायभगिनींनी कसून विरोध केला. तरीही पामरबाईंनी त्याच वर्षी गोल्फचा सामना भरविला आणि अलाबामा विद्यापीठाच्या एलिनॉर डडली हिने तो जिंकला. महायुद्धाच्या काळात हा सामना खंडित झाला. १९४६ साली तो पुन्हा सुरू झाला आणि १९४७ साली शर्ली स्पोर्क ही त्यात विजयी झाली. पुढे १९५० साली ज्या तेरा जणींनी स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फची संस्था स्थापन केली, त्यांत ही स्पोर्क एक होती.

विरोध करणाऱ्या अध्यापिकांना आपण केवळ जुन्या मताच्या म्हणून निकालात काढू नये. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात पैसा शिरल्यावर काय झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९२९ साली कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या बाजाराचे चित्र सविस्तर रंगविलेले होते. चार निवडक खेळाडूंच्या कौतुकात उरलेल्या शेकडो मुलींची उपेक्षा होईल, ही त्यांची भीती सोवळेपणातून आलेली नव्हती. मात्र या सावधगिरीची किंमत मोजावी लागली ती गुणी मुलींना. जिला खरोखर खेळावयाचे असेल, तिने मुलांच्या संघात शिरावे, एवढाच मार्ग तिच्यापुढे राहिला. साठाच्या दशकारंभी सूझी मॅक्सवेल ही मुलगी ओक्लाहोमा सिटी विद्यापीठाकडून खेळली ती मुलांच्या संघातूनच. पुढे सूझी बर्निंग या नावाने तिने अमेरिकेची स्त्रियांची खुली स्पर्धा १९६८, १९७२ आणि १९७३ अशी तीनदा जिंकली. अशा मुलीला स्वतःचा संघ मिळू नये, यावरून त्या व्यवस्थेतील उणीव ध्यानात येते.

१९७१ साली स्त्रियांच्या महाविद्यालयीन खेळांची एक स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांनी ती एआयएडब्ल्यू म्हणून ओळखली जाई. तिचे नियम करणाऱ्या, सामने भरविणाऱ्या आणि हिशेब पाहणाऱ्या प्रामुख्याने स्त्रियाच होत्या. जुन्या भीतीचा अंश तिच्यातही उरला होता, म्हणून आरंभी शिष्यवृत्ती घेणाऱ्या खेळाडूंना तिच्या सामन्यांत मज्जाव असे. १९७३ साली फ्लॉरिडातील टेनिस खेळणाऱ्या विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या आणि तो नियम संघटनेला मागे घ्यावा लागला. त्याआधी, २३ जून १९७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली होती. त्या कायद्याचे नववे प्रकरण आता जगप्रसिद्ध आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून कोणालाही वगळता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. प्रतिनिधिगृहात एडिथ ग्रीन व पॅट्सी मिंक यांनी आणि सिनेटमध्ये बर्च बाय यांनी त्याचा पाठपुरावा केला. गंमत अशी की, त्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. खेळांना तो कसा लागू करावयाचा याचे नियम १९७५ साली निघाले आणि ते अमलात आणावयास महाविद्यालयांना १९७८ पर्यंत मुदत मिळाली.

आता आपण टल्साकडे वळू. तेलाच्या व्यापारावर वाढलेल्या या शहरातील विद्यापीठ खाजगी आणि लहान. मोठ्या सरकारी विद्यापीठांपुढे त्याचे बळ ते किती! डेल मॅक्नामारा या स्वतः ओक्लाहोमातील नामांकित हौशी गोल्फपटू होत्या. १९७४ साली त्यांनी येथे मुलींचा संघ उभारण्यास आरंभ केला. ही तारीख आपण नीट पाहावी. कायदा होऊन दोन वर्षे झाली होती आणि नियम निघावयास एक वर्ष अवकाश होता. मुदतीचा शेवटचा दिवस येईपर्यंत स्वस्थ बसावे, असा विचार कित्येक संस्था करीत असताना टल्साच्या मुली मैदानात उतरल्या होत्या.

या संघात थोड्याच दिवसांत न्यू मेक्सिको राज्यातील रॉझवेल गावची नॅन्सी लोपेझ दाखल झाली. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातील ही मुलगी. तिच्या वडिलांचा मोटारी दुरुस्त करण्याचा धंदा होता आणि गावच्या सार्वजनिक मैदानावर त्यांनीच तिला खेळ शिकविला. बाराव्या वर्षी तिने आपल्या राज्याची स्त्रियांची हौशी स्पर्धा जिंकली. शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून ती मुलांच्या संघातून खेळली. सूझी मॅक्सवेलचीच ही पुनरावृत्ती. फरक पडला तो महाविद्यालयात आल्यावर. येथे तिची वाट पाहणारा संघ होता आणि त्या संघाला शिक्षिका होती. १९७६ साली लोपेझने स्त्रियांच्या संघटनेचे राष्ट्रीय वैयक्तिक विजेतेपद मिळविले. दोन वर्षे शिकून १९७७ साली ती व्यावसायिक झाली आणि १९७८ या एकाच वर्षात तिने नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यांतील पाच लागोपाठ.

लोपेझ गेल्यावर टल्साची मैफल संपली असे अनेकांना वाटले असल्यास ते स्वाभाविक होते. एखादी असामान्य मुलगी लाभणे हा दैवाचा भाग असतो. तिच्या मागे संघ टिकविणे हा शिक्षणाचा भाग आहे, आणि मॅक्नामाराबाईंची खरी योग्यता येथे दिसते. लोपेझच्या वेळी संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नव्हते. ते मिळाले १९८० साली, तिच्या पश्चात. आम्ही आरंभी सांगितलेले पाचांतील चौघींचे गणित श्रोत्यांनी येथे आठवावे.

मग उजाडले १९८२ साल. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांची जुनी आणि धनाढ्य संघटना, एनसीएए, इतकी वर्षे स्त्रियांच्या खेळांकडे पाठ फिरवून होती. कायद्याने महाविद्यालयांना मुलींवर पैसा खर्च करणे भाग पाडल्यावर तिने आपले धोरण बदलले. १९८०–८१ मध्ये तिने ठराव केले आणि १९८१–८२ च्या हंगामापासून स्त्रियांचेही राष्ट्रीय सामने सुरू केले. सामन्यांना येण्याजाण्याचा खर्च देण्याची तिची तयारी होती. स्त्रियांच्या संघटनेजवळ तेवढी पुंजी नव्हती. त्या एका वर्षी दोन्ही संघटनांचे सामने झाले, आणि टल्साच्या मुलींनी गोल्फची दोन्ही सांघिक विजेतेपदे जिंकली. एनसीएएच्या त्या पहिल्याच सामन्यात वैयक्तिक विजेती ठरलेली कॅथी बेकर हीदेखील टल्साचीच. १९८५ साली तिने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

या दुहेरी विजयावर चरित्र संपविले असते, तर ते गोड झाले असते. परंतु ज्या दोन मैदानांवर टल्साने झेंडा लावला, त्यांतले एक त्यानंतर राहिलेच नाही. सदस्य महाविद्यालये गेली, दूरचित्रवाणीचे उत्पन्न गेले. मक्तेदारीविरुद्ध केलेला दावाही फसला आणि ३० जून १९८३ रोजी स्त्रियांची संघटना विसर्जित झाली. भरभराटीच्या काळी साडेनऊशेहून अधिक महाविद्यालये जिची सदस्य होती, ती संस्था बारा वर्षांत इतिहासजमा झाली. नियम ठरविण्याच्या टेबलाशी ज्या स्त्रिया अग्रस्थानी बसत, त्यांना पुरुषांच्या संघटनेत आता बाजूच्या खुर्च्यांवर जागा शोधावी लागली.

या घटनेचे मूल्यमापन करताना आम्ही एका बाजूला झुकू इच्छीत नाही. लाभ खरा आहे आणि तो मोठा आहे. १९७१–७२ साली अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून खेळांत भाग घेणाऱ्या मुली सुमारे २ लाख ९४ हजार होत्या. पुढील काळात हा आकडा तीस लाखांच्या वर गेला. हानीही तितकीच खरी आहे. १९७२ पूर्वी महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना शिकविणाऱ्या स्त्रिया होत्या. २०१४ साली हे प्रमाण सुमारे त्रेचाळीस टक्के भरले. ज्या जागांना पूर्वी पगार नव्हता किंवा नाममात्र होता, त्यांना पगार आणि प्रतिष्ठा आल्याबरोबर त्यांवर पुरुष येऊ लागले. त्यांतले काही उत्तम शिक्षक होते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ड्यूक विद्यापीठाच्या मुलींनी डॅन ब्रुक्स यांच्या हाताखाली १९९९ ते २०१९ या काळात सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, त्यांत न्यून काढण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नाही. मुलींसाठी उघडलेल्या दारातून मुली आत आल्या, आणि त्याच वेळी त्यांच्या शिक्षिका मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. हे कायद्यात लिहिलेले नव्हते, तरी कायद्यानंतरच घडले.

या लाटेत ज्या थोड्या जणी पाय रोवून उभ्या राहिल्या, त्यांत मॅक्नामाराबाई होत्या. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या लिंडा व्होलस्टेड याही त्यांतल्याच. त्यांच्या संघाने १९९० ते १९९८ या नऊ वर्षांत सहा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. टल्साने १९८८ साली एनसीएएचे विजेतेपद पुन्हा मिळविले आणि त्या वर्षीची वैयक्तिक विजेती होती मेलिसा मॅक्नामारा, डेलबाईंची स्वतःची मुलगी. आपल्याच लेकीला संघात घेऊन शिकविणे किती अवघड, हे येथे बसलेल्या शिक्षक मंडळींना आम्ही सांगावयास नको. तिचे कौतुक केले तर पक्षपात, आणि कठोरपणा केला तर घरी अबोला! मेलिसा पुढे काही वर्षे व्यावसायिक म्हणून खेळली. २००० साली आई निवृत्त झाली, तेव्हा टल्साच्या संघाची सूत्रे तिनेच घेतली. तेथून ती ॲरिझोना राज्य विद्यापीठात गेली आणि २००९ साली, मेलिसा लुएलन या नावाने, तेथील मुलींना राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत घेऊन गेली. खेळाडू म्हणून मिळालेला मान तिने शिक्षिका म्हणून पुन्हा मिळविला.

मॅक्नामाराबाईंच्या खात्यावर चार राष्ट्रीय विजेतेपदे जमा आहेत. आम्हाला मात्र त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही की, त्यांच्या शिक्षणातून खेळाडू तयार झाल्या तशी पुढची शिक्षिकाही तयार झाली. सुधारणेचे मोजमाप करताना आपण सर्वत्र लाभ घेणाऱ्यांची संख्या विचारतो. शाळेत मुली किती, मैदानावर मुली किती, हा आकडा अहवालात शोभून दिसतो आणि तो अवश्य विचारावा. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. शिकविणाऱ्या किती आणि ठरविणाऱ्या किती? १९८२ साली टल्साच्या मैदानावर पहिला आकडा वाढत असताना दुसरे दोन कमी होत चालले होते, आणि विजयाच्या टाळ्यांत ते फार थोड्यांच्या लक्षात आले.