क्लार्क हवाई तळाचा पुनर्विकास

क्लार्क हवाई तळाचा पुनर्विकास हा फिलिपिन्स देशाच्या लुझोन बेटावरील एका माजी अमेरिकी लष्करी हवाई तळाचे नागरी विमानतळ, औद्योगिक क्षेत्र आणि नव्या नागरी वसाहतीत रूपांतर करण्याचा दीर्घकालीन प्रकल्प आहे. हा तळ पांपांगा प्रांतातील आंगेलेस व माबालाकात या शहरांना लागून, राजधानी मनिलाच्या वायव्येस आहे. १९९१ मध्ये माउंट पिनातुबो या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर अमेरिकेने तो सोडला. १९९३ मध्ये तेथे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले व २००७ मध्ये त्याला मुक्त व्यापार क्षेत्राचा दर्जा मिळाला. लष्करी तळ बंद पडल्यावर त्याच्या जागेतून स्थानिक अर्थव्यवस्था पुन्हा उभी करण्याच्या प्रयत्नांमध्ये क्लार्कची गणना प्रमुख उदाहरणांत होते. मात्र भूजलाचे प्रदूषण आणि आएता आदिवासींच्या जमिनीचे प्रश्न या प्रकल्पाशी सुरुवातीपासून निगडित आहेत.

पार्श्वभूमी

स्पेनकडून फिलिपिन्स ताब्यात घेतल्यानंतर अमेरिकी घोडदळाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी या भागात छावणी उभारली. १९०३ मध्ये तेथे फोर्ट स्टॉट्सेनबर्ग हे लष्करी ठाणे अधिकृतपणे स्थापन झाले. १९१२ पासून येथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पुढे येथील धावपट्टीला मेजर हॅरॉल्ड क्लार्क या वैमानिकाचे नाव देण्यात आले. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी क्लार्कवर हल्ला करून तेथील अमेरिकी विमानदलाचा मोठा भाग जमिनीवरच नष्ट केला. तळ १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होता.

फिलिपिन्स स्वतंत्र झाल्यानंतर १९४७ च्या करारान्वये अमेरिकेला देशातील तळ ९९ वर्षांसाठी वापरण्यास मिळाले. १९६६ मध्ये ही मुदत कमी करून ती १९९१ मध्ये संपेल असे ठरले. १९७९ च्या दुरुस्तीने तळांवरील फिलिपिन्सचे सार्वभौमत्व स्पष्टपणे मान्य झाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात क्लार्क हे रसदपुरवठ्याचे महत्त्वाचे केंद्र होते.

तळाच्या आधाराने आंगेलेस शहराची वाढ झाली. स्थानिक लोक तळावर कारकून, यंत्रकारागीर, स्वयंपाकी, पहारेकरी व घरकामगार म्हणून काम करत. तळाबाहेर शिंपी, फर्निचर बनवणारे कारागीर, जीपनी वाहनांचे चालक आणि घरमालक यांचे उत्पन्न अमेरिकी सैनिकांच्या खर्चावर अवलंबून होते. बालिबागो भागातील फील्ड्स अव्हेन्यू हा रस्ता मद्यगृहे व देहविक्रयासाठी कुप्रसिद्ध झाला. एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली ही अर्थव्यवस्था तळ बंद होताच कोसळण्याचा धोका होता.

ज्वालामुखीचा उद्रेक व हस्तांतरण

पिनातुबो पर्वत तळापासून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर आहे. एप्रिल १९९१ पासून त्याच्या हालचाली वाढल्या. फिलिपिन्स व अमेरिकेच्या भूशास्त्रज्ञांच्या इशाऱ्यावरून १० जून रोजी सुमारे १५,००० अमेरिकी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना सुबिक बे येथील नौदल तळावर हलवण्यात आले. १५ जून रोजी मुख्य उद्रेक झाला. त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ लुझोनवरून गेल्यामुळे ज्वालामुखीची राख पावसात भिजून जड झाली आणि तिच्या भाराने असंख्य छपरे कोसळली. या आपत्तीत ८०० हून अधिक लोक मरण पावले. पुढील अनेक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात राख व चिखलाचे लोंढे पांपांगातील गावे व शेती गाडत राहिले.

तळांची मुदत वाढवण्याच्या वाटाघाटी त्या वेळी चालू होत्या. क्लार्कच्या दुरुस्तीचा खर्च पाहता जुलै १९९१ मध्ये अमेरिकेने हा तळ सोडण्याचे मान्य केले व फक्त सुबिक ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी हा करारही फेटाळला. २६ नोव्हेंबर १९९१ रोजी क्लार्क तळ फिलिपिन्सच्या स्वाधीन झाला. हस्तांतरणानंतर तेथे मोठ्या प्रमाणावर लूट झाली. राखेखालून वाचलेल्या अनेक इमारती त्यामुळे निकामी झाल्या.

आंगेलेस व परिसरावर अशा रीतीने एकाच वर्षात दोन आघात झाले. उद्रेकाने घरे व शेती नेली आणि तळ गेल्याने मजुरी गेली.

कायदेशीर चौकट

१३ मार्च १९९२ रोजी राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांच्या कारकिर्दीत प्रजासत्ताक कायदा क्रमांक ७२२७ लागू झाला. त्यानुसार तळ रूपांतर व विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. मनिला महानगरातील फोर्ट बोनिफासियोसारख्या लष्करी जागांचा काही भाग विकून किंवा भाड्याने देऊन पैसा उभारणे, त्यातून सैन्याचे आधुनिकीकरण करणे आणि माजी तळांचे नागरी वापरात रूपांतर करणे ही या प्राधिकरणाची मुख्य कामे होती. क्लार्कसारख्या दूरच्या तळासाठी लागणारे भांडवल राजधानीतील महागड्या जमिनीतून मिळावे, हे या रचनेमागील सूत्र होते.

३ एप्रिल १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी क्लार्क विशेष आर्थिक क्षेत्राची घोषणा केली. क्षेत्राच्या व्यवस्थापनासाठी क्लार्क विकास महामंडळ नेमण्यात आले. महामंडळ जमीन विकत नाही, तर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे जमिनीची मालकी सरकारकडेच राहते.

सुबिकला कायद्याने मिळालेल्या करसवलती क्लार्कला मात्र राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी आदेशाने देण्यात आल्या होत्या. करमाफी देण्याचा अधिकार केवळ विधिमंडळाचा आहे, असा निर्णय देत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या सवलती रद्द ठरवल्या. सवलतींवर विसंबून आलेल्या कंपन्यांसमोर त्यामुळे थकीत कराचा प्रश्न उभा राहिला. २००७ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९४०० ने क्लार्कला मुक्त व्यापार क्षेत्राचा दर्जा दिला व सवलतींना वैधानिक आधार मिळाला. या कायद्यानुसार नोंदणीकृत उद्योगांनी इतर करांऐवजी सकल उत्पन्नावर पाच टक्के कर द्यावयाचा होता. त्यातील तीन टक्के राष्ट्रीय सरकारला व दोन टक्के स्थानिक स्वराज्य संस्थांना देण्याची तरतूद होती. तळाच्या कुंपणाआतील उत्पन्नाचा वाटा कुंपणाबाहेरील शहरांना व गावांना मिळण्याचा हा थेट मार्ग ठरला.

उद्योग व रोजगार

राख उपसणे, रस्ते मोकळे करणे आणि वाचलेल्या इमारती दुरुस्त करणे यात पहिली वर्षे गेली. आपत्तीनंतर परिसरात पर्यटक यावेत म्हणून १९९४ पासून क्लार्क येथे गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव भरवण्यात येऊ लागला. अधिकाऱ्यांच्या जुन्या निवासस्थानांच्या परिसरात हॉटेले व गोल्फ मैदाने उभी राहिली. याच काळात योकोहामा या जपानी टायर कंपनीने क्लार्कमध्ये कारखाना काढला.

सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. स्वातंत्र्याच्या घोषणेच्या शताब्दीनिमित्त १९९८ मध्ये येथे उभारलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनाला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही व त्यावरील खर्चाची सिनेटच्या समितीने चौकशी केली. यूपीएस या मालवाहतूक कंपनीने २००२ मध्ये क्लार्कला आशियातील आपले केंद्र केले, परंतु २०१० मध्ये ते चीनमधील शेन्झेन येथे हलवले. करसवलत व स्वस्त जागेसाठी आलेला उद्योग अधिक सोयीची जागा मिळताच निघून जाऊ शकतो, हे यातून दिसले.

रस्ते व उत्पादन उद्योग यांचा परिणाम अधिक टिकाऊ ठरला. २००८ मध्ये सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा सुबिक–क्लार्क–तार्लाक द्रुतगती मार्ग खुला झाला. जपानच्या कर्जसाहाय्याने बांधलेल्या या मार्गामुळे क्लार्कमधील कारखान्यांना सुबिकच्या खोल समुद्री बंदराशी थेट जोडणी मिळाली. २००९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने येथे सेमीकंडक्टरची जुळणी व चाचणी करणारा कारखाना सुरू केला. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स, विमानदुरुस्ती आणि दूरध्वनी ग्राहकसेवा या क्षेत्रांतील कंपन्याही आल्या. २०१० च्या दशकाच्या अखेरीस क्षेत्रातील कामगारांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. दक्षिण कोरियातून आलेल्या व्यावसायिकांमुळे आंगेलेसमध्ये मोठी कोरियन वस्तीही निर्माण झाली.

नव्या नोकऱ्या आणि जुन्या नोकऱ्या यांत फरक होता. तळावर वर्षानुवर्षे काम केलेल्या मध्यमवयीन स्वयंपाकी, पहारेकरी किंवा कारकुनाची कौशल्ये नव्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांना लागणाऱ्या कौशल्यांहून वेगळी होती. शिवाय हे कारखाने येईपर्यंत हस्तांतरणाला दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता. फील्ड्स अव्हेन्यूवरील व्यवसायही संपला नाही. सैनिकांची जागा परदेशी पर्यटकांनी घेतली.

विमानतळ

तळाकडून वारशाने मिळालेली सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.२ किलोमीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या. मनिलाच्या गर्दीच्या विमानतळाला पर्याय म्हणून क्लार्कचा विकास करण्याचे धोरण १९९० च्या दशकापासून मांडले जात होते. मात्र प्रवासी प्रामुख्याने मनिला महानगरातील असल्याने व वेगवान रेल्वे नसल्याने वाढ मंद राहिली. चीनच्या कर्जातून आखलेला नॉर्थरेल हा रेल्वेप्रकल्प पूर्ण होऊ शकला नाही. त्यानंतर मनिला व क्लार्क यांना जोडणारा उत्तर–दक्षिण उपनगरी रेल्वे प्रकल्प हाती घेण्यात आला.

२००० च्या दशकात कमी भाड्याच्या विमानकंपन्यांनी येथून उड्डाणे सुरू केल्यावर प्रवासीसंख्या वाढली. आखाती देशांत, हाँगकाँग व सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या मध्य व उत्तर लुझोनमधील कामगारांना मनिलापर्यंत न जाता प्रवास करणे शक्य झाले. विमानतळाला २००३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दिओसदादो मकापगाल यांचे नाव देण्यात आले होते. २०१२ मध्ये ते बदलून क्लार्क आंतरराष्ट्रीय विमानतळ असे करण्यात आले. २०१९ मध्ये सुमारे ४० लाख प्रवाशांनी त्याचा वापर केला. मेगावाइड ही स्थानिक कंपनी व भारतातील जीएमआर समूह यांनी बांधलेली, वार्षिक ८० लाख प्रवासी क्षमतेची नवी इमारत मे २०२२ मध्ये वापरात आली.

जागेचा लष्करी वापर पूर्णपणे थांबलेला नाही. फिलिपिन्सचे हवाई दल परिसराचा काही भाग वापरते आणि २०१६ मध्ये अमेरिकी लढाऊ विमाने काही काळासाठी येथे तैनात होती.

पर्यावरण व आरोग्य

विमानांचे इंधन, विद्रावके, कीटकनाशके आणि जड धातू यांमुळे तळावरील काही ठिकाणची माती व भूजल दूषित झाले होते. १९४७ च्या करारात तळ परत करताना जागा स्वच्छ करून देण्याचे बंधन अमेरिकेवर नव्हते. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने १९९२ च्या अहवालात प्रदूषित ठिकाणांची व या बंधनाच्या अभावाची नोंद केली.

या प्रदूषणाची झळ उद्रेकाने बेघर झालेल्या कुटुंबांना बसली. त्यांपैकी हजारोंना तळावरील जुन्या वाहनतळाच्या जागी तात्पुरता आसरा देण्यात आला होता आणि तेथे ती अनेक वर्षे विहिरींचे पाणी वापरत होती. पुढे या कुटुंबांतील आजार व बालमृत्यूंचा संबंध प्रदूषणाशी जोडून रहिवासी व स्वयंसेवी संस्थांनी सफाईची मागणी केली. अमेरिकेचा प्रदूषणसफाईविषयक कायदा परदेशातील तळांना लागू होत नाही, असा निर्णय २००५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने दिला.

आएता समाज व न्यू क्लार्क सिटी

तळाची व त्याभोवतीच्या सराव क्षेत्राची जमीन परंपरेने आएता या आदिवासी समाजाच्या वहिवाटीत होती. पिनातुबोच्या उतारांवर राहणाऱ्या या समाजाला उद्रेकामुळे वस्त्या सोडाव्या लागल्या. आदिवासींच्या परंपरागत भूमीवरील हक्क मान्य करणारा कायदा देशात १९९७ मध्ये झाला. तोवर क्लार्कचे रूपांतर सुरू होऊन चार वर्षे झाली होती.

तार्लाक प्रांतातील कापास व बांबान येथे, जुन्या लष्करी क्षेत्राच्या सुमारे ९,४५० हेक्टर जमिनीवर न्यू क्लार्क सिटी हे नवे शहर वसवण्याची योजना आहे. तेथील २०,००० आसनांच्या मैदानावर २०१९ च्या दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडास्पर्धांतील सामने झाले. बांधकामामुळे शेती व वस्त्या गमवाव्या लागत असल्याची तक्रार आएता संघटनांनी केली. प्राधिकरणाने ती नाकारली व ही जमीन सरकारी असून तिच्यावर परंपरागत भूमीचे प्रमाणपत्र नसल्याची भूमिका घेतली.