गुंजेचा तोळा

मैत्रिणींनो, ‘गुंजभरही सोनं नाही अंगावर’ असं आपण सहज म्हणून जातो. ती गुंज म्हणजे रानवेलीचं बी. वाल-वाटाण्याच्या कुळातली ही बहुवर्षायू वेल बांधावर, कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर चढते. पावसाळा सरता सरता तिला फिकट जांभळट-गुलाबी तुरे येतात. पुढे शेंगा तडकल्या, तरी काळ्या डोळ्याचे लालबुंद दाणे शेंगेलाच चिकटून राहतात. पाला गोडसर, म्हणून विड्यात घालतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ५ गुंजांचा सोन्याचा मासा आणि १६ माशांचा सुवर्ण, म्हणजे ८० गुंजा. पुढे ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा रुळला, म्हणजे ९६ गुंजा. मासा बदलला, पण खाली पायाला गुंजच राहिली. टरफल इतकं घट्ट की ओल सहसा आत शिरत नाही. सगळे दाणे सारखेच भरतात असं सांगतात, ते मात्र खरं नाही. लहानमोठे निघतातच, सोनार त्यातून निवडून घेत. निवडणारा हात कोणाचा, यावर बरंच ठरत असणार, असं आम्हांला वाटतं.

१८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि हळूहळू बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम झाला. नाव तेच राहिलं, सोनं घटलं!

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. दागिना समोर असेल तर काटा खरं बोलतो. पण मोडलेल्या, गहाण टाकलेल्या, भावाकडे ठेवायला दिलेल्या सोन्याचा हिशोब कागदावरूनच होतो. आजीच्या लग्नाच्या यादीत ‘५ तोळे’ लिहिलं असेल, तर जुन्या मापाने ते ५८.३ ग्रॅम होतात. कोणी ५० धरले तर ८ ग्रॅमांहून जास्त सोनं बोलता बोलता गेलं. म्हणून यादीवरची तारीख आधी बघा. मासे-गुंजा लिहिल्या असतील तर हिशोब जुनाच आहे असं समजा.

वेल आजही रानात आहे. जिथे जाळी तोडून तार ओढली, तिथे मात्र तिचा जुना आधार जातो. मुलं दाणे गोळा करतात, तेवढं सांभाळा. चावलेलं, फुटलेलं किंवा माळेसाठी भोक पाडलेलं बी जहाल विषारी असतं. पोटात गेलं तर त्रास व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा, कारण लक्षणं कित्येकदा उशिरा दिसतात.