तपोवन आणि कुष्ठोपचाराची बदलती उद्दिष्टे

अमरावती शहराबाहेर तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली श्री जगदंबा कुष्ठनिवास उभारले, तेव्हा महारोग्याच्या वाट्याला प्रामुख्याने कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शने येत. ती फार दुखत आणि गुणाची खात्री नसे. १८९८च्या कायद्याने तर निराधार, भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याची सोय केली होती. उपचाराचा हेतू रुग्णापेक्षा गावाला वाचवण्याचाच अधिक होता.

पटवर्धनांनी हा हेतूच बदलला. स्वतः होमिओपॅथ असलेल्या या डॉक्टरांनी सुतारकाम, विणकाम, शेती हेही उपचारातच धरले. रोग जाईल तेव्हा जाईल, माणसाने आज कमवून खावे, ही भूमिका औषधशास्त्राच्या चार पावले पुढची होती. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे डॅप्सोनची स्वस्त गोळी आली आणि १९५५च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ती गावोगाव पोचवली. आता लक्ष्य होते जंतू. पण गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागे. रुग्ण कंटाळत आणि जंतूही तिला दाद देईनासे झाले. म्हणून १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा बहुऔषधी उपचार सुचवला. विदर्भात त्याचा आरंभ शेजारच्या वर्धा जिल्ह्यात झाला. पुढे पाचपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने, त्याहून अधिक असल्यास बारा महिने असा हिशेब ठरला. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. रोग लपवू पाहणाऱ्याला ते कसे रुचावे?

जंतू मेले तरी ‘रिॲक्शन’ येऊन नसा सुजतात. तिथे स्टेरॉइड लागते. गाठींच्या तीव्र रिॲक्शनला थॅलिडोमाइड उपयोगी पडते, हे १९६० च्या दशकात जेरुसलेममध्ये दिसले. गर्भाला पंगू करणारे म्हणून हेच औषध बदनाम झाले होते.

मेलेली नस मात्र कोणत्याच गोळीने परत येत नाही. बधिर पायाला मऊ रबरी चप्पल, रोजची तपासणी आणि हाताला झेपेल असे काम लागते, म्हणजे तपोवनाचे जुनेच उद्दिष्ट. डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली गेले. त्या आकड्यात फक्त औषध चालू असलेले रुग्ण धरले जातात. औषध संपवून झिजलेली बोटे घेऊन जगणारा त्यात मोजलाच जात नाही.