द्राक्षमळ्यांच्या वाटेवरील सायकल सहल : बेंगळुरूचे शिवाजीनगर ते नंदी डोंगर

बेंगळुरूच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरांवर नंदी डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या परिसरातील द्राक्षमळे आणि वाइनरी पाहण्यासाठी मार्गदर्शकासह सायकलने जाण्याची प्रथा अलीकडच्या काळात रुजली आहे. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात बोन ते सांतने या गावांदरम्यान द्राक्षबागांमधून खास सायकल मार्ग आहे. जर्मनीत मोझेल नदीच्या काठानेही असा मार्ग आहे. नंदीच्या परिसरात मात्र असा स्वतंत्र मार्ग नाही. त्यामुळे येथील सहलीचे यश बऱ्याच अंशी तिच्या आखणीवर अवलंबून असते.

प्रारंभ शिवाजीनगरातून

लष्करी छावणीच्या भागात वसलेले शिवाजीनगर पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखले जाई. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट आहे. मराठी वाचकाला या शहराचा परिचय इतिहासातूनही आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बेंगळुरू जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले होते.

येथून उत्तरेकडे निघालेला सायकलस्वार बल्लारी रस्त्याने हेब्बाळमार्गे देवनहळ्ळीकडे जातो. २००८ साली देवनहळ्ळीजवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यानंतर या रस्त्यावरील वाहतूक प्रचंड वाढली. म्हणून अनेक संयोजक सायकली वाहनातून शहराबाहेर नेतात आणि खेड्यांना जोडणाऱ्या आतल्या रस्त्यांवरून प्रवास सुरू करतात. अंतर त्यामुळे कमी होते, पण धोकाही कमी होतो.

द्राक्षे आणि वाइन

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या पठारावर दिवस उबदार आणि रात्री थंड असतात. 'बेंगळुरू ब्लू' ही गडद जांभळी द्राक्षे येथील जुनी ओळख असून त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. सौम्य हवामानामुळे या वेलींपासून वर्षातून दोनदा पीक घेता येते. ही द्राक्षे खाण्यासाठी, रसासाठी आणि गोड वाइनसाठी वापरली जातात.

उत्तम दर्जाच्या वाइनसाठी मात्र काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, सोव्हिन्यों ब्लां अशा युरोपीय जाती लागतात. कंवल ग्रोवर यांनी शॅम्पेन प्रांतातील जॉर्ज व्हेसेल यांच्या सहकार्याने दोड्डबळ्ळापूर तालुक्यात त्यांची लागवड केली आणि १९८८ साली ग्रोवर व्हिनयार्ड्स ही कंपनी स्थापन झाली. २०१२ साली तिचे नाशिक जिल्ह्यातील एका वाइन कंपनीशी विलीनीकरण होऊन 'ग्रोवर झाम्पा' हे नाव रूढ झाले. कर्नाटक सरकारने २००७ साली वाइन धोरण जाहीर केले. महाराष्ट्राने त्याआधी, २००१ मध्ये, द्राक्ष प्रक्रिया धोरण आखले होते.

सहलीचा दिनक्रम

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सायकल प्रवासास सर्वांत अनुकूल असतो. वाइनची द्राक्षे पाहायची असल्यास फेब्रुवारी-मार्चमधील काढणीचा हंगाम योग्य. नाशिकचा शेतकरी ज्यांना खरड छाटणी आणि गोडी छाटणी म्हणतो, त्यांच्या वेळांवर मळ्याचे रूप ठरते. छाटणीनंतर लगेच गेल्यास केवळ उघडी खोडे आणि तारा दिसतात.

प्रवास पहाटे सुरू होतो. मार्गदर्शक पुढे असतो, तर पंक्चर काढण्याचे साहित्य, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन एक वाहन मागून येते. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चढणीस उपयोगी पडणारे गिअर आवश्यक असतात. १,४७८ मीटर उंचीच्या नंदी डोंगरावर जाणारी सुमारे आठ किलोमीटरांची वळणदार चढण सरावलेल्या सायकलपटूंसाठी आहे. इतरांनी पायथ्याच्या नंदी गावातील प्राचीन भोगनंदीश्वर मंदिर पाहून मळ्यांकडे वळावे, हे उत्तम. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी येथून जवळच आहे.

वाइनरीत प्रथम मळा, मग द्राक्षे चिरडण्याची यंत्रे, पोलादी टाक्या आणि ओकच्या लाकडाची पिंपे दाखवली जातात. आस्वादन शेवटी होते. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : आधी सायकल, नंतर वाइन. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. उन्हात घाम गाळलेल्या शरीरावर त्याचा परिणाम लवकर जाणवतो आणि दुचाकीवर तोल सांभाळणे कठीण होते. त्यामुळे आस्वादनानंतर परतीचा प्रवास वाहनातून करण्याची व्यवस्था असलेलीच सहल निवडावी. वाइन न घेणाऱ्यांनाही मळा आणि वाइनरी पाहण्याचा आनंद तितकाच मिळतो.

पाणी आणि जमीन

पालार, पेन्नार, दक्षिण पिनाकिनी आणि अर्कावती या नद्यांचे उगम नंदीच्या परिसरात मानले जातात. तरीही हा भाग पाण्यासाठी मुख्यतः तलाव आणि कूपनलिकांवर अवलंबून आहे. भूजल खोल गेल्याने बेंगळुरूचे सांडपाणी प्रक्रिया करून चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील तलावांत सोडण्याची योजना राबवावी लागली. दुसरीकडे विमानतळामुळे जमिनींचे भाव चढले आणि शेताच्या जागी निवासी भूखंड पाडले जाऊ लागले. द्राक्षवेल लावल्यापासून चांगले पीक येईपर्यंत काही वर्षे जातात, भूखंड मात्र लगेच विकला जातो. शेतकऱ्यापुढचा हा व्यवहार सरळ आहे.

म्हणूनच या सहलींचे महत्त्व करमणुकीपुरते मर्यादित नाही. पर्यटकाने मळ्यात खर्च केलेला पैसा गावात राहिला, स्थानिक तरुणांना मार्गदर्शकाचे काम मिळाले आणि शेतकऱ्याकडून थेट द्राक्षे खरेदी झाली, तर वेल राखण्यास आणखी एक कारण मिळते. मळेच उरले नाहीत, तर शिवाजीनगरातून पहाटे निघणाऱ्या सायकलस्वाराला नंदीपर्यंत केवळ शहरच पाहावे लागेल.