सोलापूरकरांची पांघरुणं

सोलापूरची थंडी फसवी. डिसेंबरात दुपारी पारा 29-30 अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे 15 च्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवस मावळला की जमिनीतली ऊब भराभर निघून जाते. रात्री अंगावर काही न घेता झोपलेला माणूस पहाटे कुडकुडत उठतो. म्हणून या मुलखाच्या हिवाळ्याचा इतिहास शेकोटीपेक्षा पांघरुणातच जास्त सापडतो.

सगळ्यात वरचं पांघरूण म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर मातीचा जाडजूड थर आणि पाणी मुरू नये म्हणून पांढरी माती. खाली हात-दीड हात रुंदीच्या भिंती. दिवसभर खाल्लेलं ऊन ही माती रात्री सावकाश घरात सोडते. उन्हाळ्यात हेच छप्पर घर थंड ठेवतं.

घरात अंगावर असायची घोंगडी. सांगोला, माळशिरसचा माळरानाचा पट्टा धनगरांच्या मेंढरांचा. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि बहुतेक काळी. बायकांनी तिचं सूत कातायचं आणि सणगरांनी मागावर विणायचं, असं काम वाटलेलं. चिंचोके भिजवून, वाटून केलेली खळ घोंगडीला चढवली की ती ताठ आणि घट्ट होई. रानात राखणीला बसलेल्या माणसाला ती टोचायची खरी, पण पहाटेचं दहिवर चटकन अंगापर्यंत येऊ देत नसे. दुसरं पांघरूण वाकळ. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक ठेवून आजीच्या टाक्यांनी शिवलेली, विकत न मिळणारी.

मग सुताचे दिवस आले. 1860 मध्ये रेल्वे सोलापुरात पोचली आणि 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली. शहर तिला अजून ‘जुनी मिल’ म्हणतं. पुढे आणखी गिरण्या निघाल्या, भोंग्यावर शहर उठू लागलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात घराघरांत माग मांडले. पुढच्या खोलीत माग, मागे चूल. घरातली बायकामाणसं रहाटावर कांड्या भरायची आणि पुरुष धोटा चालवायचे. घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. सोलापुरी चादर या तिन्ही भाषांत बोलणाऱ्यांच्या हातची आहे.

ही चादर एकदा उलटून बघावी. वरच्या बाजूला पांढऱ्यावर लाल मोर असेल, तर खालच्या बाजूला तोच मोर लालावर पांढरा दिसतो. म्हणजे तिला उलटी बाजूच नाही. सुताचे दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीची रेघ जिथे येते तिथे ते एकमेकांत अडकतात. कुठला धागा वर उचलायचा हे मागाच्या डोक्यावरची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं ठरवतात. फ्रान्सच्या लिआँ शहरात 1804 च्या सुमारास जॅकार्डने रेशमासाठी सिद्ध केलेली ही युक्ती सोलापूरने कष्टकऱ्याच्या पांघरुणासाठी वापरली, याचं मोल फार मोठं आहे. दोन पदरांत कोंडलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते आणि सूत घाम शोषून घेतं. रात्री गार आणि सकाळी नऊला ऊन, अशा हवेत दुसरं काही इतकं सोयीचं नाही. शिवाय चादर घरी धुता येते, आणि धुण्यागणिक मऊ होते.

पांघरुणासोबत तेल आणि तीळही आले. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा 68 लिंगांना तेलाभिषेक होतो. त्याचं नाव यण्णीमज्जन. कन्नडमध्ये एण्णे म्हणजे तेल. कोरड्या वाऱ्याने कातडी उलते त्याच दिवसांत देवालाही तेल लागतं. घरोघरी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वांगी, गाजर, पावट्याची भाजी होते. शेतात हुरड्याच्या आगट्या पेटतात, ताटात शेंगाचटणी असते.

स्वातंत्र्यानंतर हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, जुन्या गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्यांपैकी. तरीही परगावी विणलेला माल ‘सोलापुरी’ नावाने रस्त्यावर विकला जातो आणि मऊ लवेची पॉलिस्टरची ब्लँकेटं स्वस्तात मिळतात. इथल्या कारागिराचा घास त्यामुळे हिरावला जातो, हे उघड बोललं पाहिजे.

सोलापूरच्या घरात मात्र चादर सहसा टाकून देत नाहीत. कडेचे गोंडे झडतात, मोराचा रंग विटतो, मधोमध जाळी पडते. मग ती घडी घालून वाकळीच्या आत घालतात आणि वरून नव्या लुगड्याचा पदर ताणून टाके घेतात.