भाड्याचें घर आणि घरांतील चीजवस्त

भाड्यानें घर घेणारानें तें सामानासह घ्यावें कीं रिकामें घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ सोयीचा व खर्चाचा दिसतो. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत त्यास स्थान कशास, अशी शंका कोणी घेईल. परंतु त्याच्या मुळाशीं निराळाच प्रश्न आहे. घरांत असलेली वस्तु कोणाची, आणि ती मोडल्यास भरून कोणीं द्यावी, हा तो होय. त्याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केला, युरोपांतील न्यायाधीशांनीं केला आणि मुंबईच्या कायदेमंडळानेंही केला. हे तीन धागे एकत्र ठेवले असतां काय दिसतें, तें येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

(१) शास्त्रकारांची व्यवस्था.— इ. स. १९०५ मध्यें म्हैसूर येथील ग्रंथसंग्रहांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आली व १९०९ मध्यें मूळ ग्रंथ छापून निघाला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुप्रकरणीं घरभाड्याचे नियम आहेत. भाड्यास तेथें ‘अवक्रय’ हा शब्द योजिला आहे. जा म्हटलें असतां न जाणारा भाडेकरू आणि भाडें पोंचलें असतां त्यास बाहेर घालणारा मालक, या दोघांसही शामशास्त्र्यांच्या अर्थाप्रमाणें बारा पणांचाच दंड आहे. शिवीगाळ, चोरी, दांडगाई इत्यादि अपराध घडले असल्यास मात्र गोष्ट वेगळी. आपखुशीनें घर सोडणारानें वर्षाचें उरलेलें भाडें द्यावें, असाही नियम आहे. यावरून भाड्याचा हिशेब वर्षावर धरीत, हें उघड होतें. घरांतील सामानाविषयीं मात्र या नियमांत कांहीं नाहीं.

सामानाचा विचार नारदस्मृतींत सांपडतो. तेथें ‘वेतनस्यानपाकर्म’ या प्रकरणांत भाड्यास ‘स्तोम’ म्हटलें आहे. परक्याच्या भूमीवर स्तोम देऊन घर बांधून राहिलेल्यानें निघतांना आपलें गवत, लांकूड, विटा घेऊन जावें; स्तोम न देतां, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिलेल्यास मात्र काडीही उचलतां येत नाहीं. यास लागूनच भाड्यानें आणलेल्या भांड्यांचा नियम आहे. मुदत भरतांच तीं परत करावीं, आणि मोडलें-हरवलें असेल तें घेणाराच्या माथीं बसावें. अपवाद तेवढा ‘संप्लवा’चा. संप्लव या शब्दाचा साधा अर्थ पूर, लोट, उलथापालथ असा आहे. वाचकांनीं लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, स्मृतिकारानें जागेचें भाडें व वस्तूचें भाडें हीं शेजारीं शेजारीं ठेविलीं, पण एकांत एक मिसळलीं नाहींत. प्रत्येकाची जोखीम त्यानें वेगळी सांगितली.

(२) मराठी घराची रीत.— आपल्या जुन्या घरांत ही मिसळ होण्याचें कारणही नव्हतें. कोनाडे, फडताळें व खुंट्या भिंतीबरोबरच येत. बाकीची बिछायत, म्हणजे जाजम, गालिचे, लोड, तक्के, गुंडाळून नेण्याजोगी असे. समया व हंडे ज्याचे त्याच्याबरोबर जात. शब्दांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. आलमारी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि खुर्ची अरबी ‘कुर्सी’वरून. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी. मराठींत त्या शब्दानें आज वस्तु ठेवण्याची मांडणी कळते. अवजड सामान घरांत आलें, तेव्हांच तें कोणाचें हा वाद शक्य झाला.

इंग्रजी अमलांत १८२८ पासून वसत गेलेलें महाबळेश्वर आणि १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं उजेडांत आणलेलें माथेरान, या थंड हवेच्या ठिकाणीं बंगले हंगामापुरते सामानासह देण्याची चाल पडली. दोन महिन्यांच्या मुक्कामासाठीं पलंग व मेजें घाटावर चढवून पुन्हां उतरविणें कोणास परवडणार?

(३) युरोपांतील वाद.— फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेंत कलम १७५२ असें आहे कीं, भाडेकरूनें घरांत पुरेसें सामान न आणल्यास आणि भाड्यापुरतें दुसरें तारणही न दिल्यास त्यास काढतां येतें. इंग्लंडांतही भाडें थकल्यास घरांतील सामान अडकवून ठेवण्याचा मालकाचा जुना हक्क होता. राहत्या घरांपुरता तो २०१४ पर्यंत टिकला. म्हणजे रिकाम्या घरांत भाडेकरूची चीजवस्त ही मालकाचें तारण होय. सामानाच्या घरांत हें उलटें होतें. तेथें मालकाचीच चीजवस्त भाडेकरूच्या हवालीं असते, आणि म्हणून मालक अनामत रक्कम मागतो. दोन प्रकारांतील खरा भेद आमच्या मतें हाच आहे. खुर्च्यांची संख्या हा नव्हे.

१८४३ मध्यें स्मिथ विरुद्ध मॅरेबल हा खटला इंग्लंडांत निकालांत निघाला. ब्रायटन येथील एक सजविलेलें घर आठवड्यास आठ गिनी भाड्यानें घेतलें होतें. तें ढेंकणांनीं भरलेलें निघालें, म्हणून भाडेकरू मुदतीपूर्वींच निघून गेला. सामानासह दिलेलें घर राहण्यायोग्य असलेंच पाहिजे, ही अट न बोलतांही करारांत असते, असें ठरून भाडेकरू सुटला. रिकाम्या घराच्या बाबतींत अशी अट न्यायालयानें मानली नाहीं.

पुढें पहिल्या महायुद्धांत, १९१५ मध्यें, भाडेनियंत्रण आलें; पण ज्या भाड्यांत सामानाच्या वापराचा मोबदला धरला असेल तें घर त्यांतून वगळलें. तेव्हां नांवापुरतें सामान टाकून कायद्यांतून निसटण्याची वाट दिसूं लागली. जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमनें घर ‘सामानाचें’ होतें काय, हा वाद १९२३ मध्यें विल्क्स विरुद्ध गुडविन या खटल्यांत थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षीं, सामानाचा वांटा भाड्याचा भरीव भाग असला पाहिजे, अशी दुरुस्ती कायद्यांत झाली. सामानाच्या घरांतील भाडेकरूस पुरतें संरक्षण १९७४ मध्यें मिळालें.

(४) मुंबईचा मार्ग.— मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें ही वाट आरंभींच बंद केली. मालकानें घरांत वापरासाठीं पुरविलेलें सामान ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येंतच त्यानें घातलें. त्यामुळें खाट टाकून भाडेकरूचें संरक्षण काढून घेणें येथें शक्य नव्हतें. नारदानें वेगळीं ठेविलेलीं दोन भाडीं अशा रीतीनें एक झालीं. पळवाट निघाली ती दुसरीकडून. भाडेपट्टा न करतां केवळ राहण्याची परवानगी, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’, देण्याचा प्रघात पडला. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं अशा परवानगीनें राहत असलेल्यांस पुढें भाडेकरूचे हक्क देण्यांत आले. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यानें व्याख्येंत सामान कायम ठेविलें, आणि परवानगीचे करार लेखी व नोंदलेले असावेत असें बंधन घातलें.

(५) निर्णय.— तेव्हां घर घेणारानें काय करावें? मुक्काम हंगामाचा वा वर्ष-सहा महिन्यांचा असेल तर सामानासह घ्यावें. वाहतुकीचा खर्च व मोडतोड वांचते. मुक्काम लांबणार असेल तर रिकामें घ्यावें. कारण वापरानें झिजणाऱ्या परक्या वस्तूची जोखीम वर्षावर्षास वाढते, आणि तिच्यासाठीं दिलेलें जास्तीचें भाडें कांहीं काळानें तिच्या किमतीच्याही वर जातें. सामानासह घेणारानें यादीवांचून उंबरठा ओलांडूं नये. त्या यादींत ‘पलंग नग १’ एवढें लिहून भागत नाहीं. ‘जुना, एक पाय सांधलेला’ हेंही लिहिलें पाहिजे व दोघांची सही झाली पाहिजे. मोडलें तें घेणाराच्या माथीं हें खरें. पण आधींच मोडलेलें कोणतें, हें यादीच सांगते.

(६) संग्राहकांस विनंति.— आमच्या लेखनाचा खरा हेतु येथें आहे. जुने वाडे व चाळी पाडल्या जात आहेत, आणि त्यांतील दप्तरें रद्दींत जात आहेत. सनदा, वाटणीपत्रें, खरेदीखतें हीं लोक राखतात. भाडेचिठ्ठी मुदत संपली म्हणून टाकतात, आणि तिला जोडलेली सामानाची यादी तर पाहतही नाहींत. परंतु मालकाच्या घरांत कोणत्या वस्तु होत्या, त्यांस नांवें काय होतीं, खुर्ची व कपाट कोणत्या वर्षीं आलें, हें सांगणारा तिच्याइतका निर्व्याज साक्षीदार दुसरा नाहीं. कारण ती लिहिणारास इतिहास लिहावयाचा नव्हता, फक्त वाद टाळावयाचा होता. ज्यांच्या संग्रहीं अशा याद्या असतील त्यांनीं त्या भाडेचिठ्ठीपासून न सोडवितां, तारीख व गांव नोंदून ठेवाव्या. चिठ्ठीवांचून यादी म्हणजे नुसतीं नांवें. आणि यादीवांचून चिठ्ठी म्हणजे रिकामें घर.